आधी प्रोसेसर मोजा, मग दर विचारा

झाकण उघडलेला हा सर्व्हर पाहा. हीटसिंकखाली दोन प्रोसेसर, प्रत्येकात 12 कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे 12 भाग. म्हणजे 24. असे तीन सर्व्हर धरले, की 72. हायपरव्हायजरचं, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, लायसन्स घेताना हिशोब बहुतेक वेळा इथेच चुकतो, कारण हे 72 प्रत्येक विक्रेता 72 म्हणूनच मोजेल असं नाही.

ब्रॉडकॉम कंपनीने नोव्हेंबर 2023 मध्ये हायपरव्हायजर बनवणारी व्हीएमवेअर घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं. आता सबस्क्रिप्शन, तेही कोअरवर, आणि प्रत्येक प्रोसेसरमागे किमान 16 कोअर. त्यामुळे आपले तीन सर्व्हर 96 कोअरचे ठरतात. यातले 24 यंत्रात नाहीतच, बिलात मात्र आहेत! प्रॉक्समॉक्स या दुसऱ्या पर्यायाचं सबस्क्रिप्शन सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसरच्या संख्येवर, इथे सहा. तेच सर्व्हर 24 कोअरच्या एकेका प्रोसेसरचे घेतले, तर व्हीएमवेअरचे 72 आणि प्रॉक्समॉक्सचे फक्त तीन. म्हणून लायसन्सचं गणित सर्व्हरची ऑर्डर देण्याआधी मांडायचं.

विंडोज सर्व्हरचं लायसन्स मात्र हायपरव्हायजर बदलून कमी होत नाही. ते सहसा सर्व्हरच्या प्रत्यक्ष कोअरवर लागतं, वर कोणताही हायपरव्हायजर चालवा. डेटासेंटर आवृत्ती आधीच घेतली असेल, तर हायपर-व्ही हे मायक्रोसॉफ्टचं हायपरव्हायजर त्यातच येतं. ते न तपासता दुसरीकडे पैसे घालणं हा निव्वळ आळस.

स्टोरेजचंही तसंच. सेफ ही अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र वापरणारी प्रणाली विनामूल्य आहे, पण सहसा प्रत्येक डेटाच्या तीन प्रती ठेवते. 30 टीबी डिस्क घेतल्या, की हाती 10. त्यातही 85 टक्क्यांवर इशारे सुरू होतात, म्हणजे साडेआठच धरा.

आणि स्थलांतर. विंडोजचं आभासी मशीन व्हीएमवेअरवरून केव्हीएमवर (प्रॉक्समॉक्स यावरच चालतं) आणलं, डिस्क थेट व्हर्टआयओ या त्याच्या आभासी जोडणीवर जोडली, की निळा पडदा: बूट डिस्कच सापडत नाही. व्हर्टआयओचा ड्रायव्हर विंडोजमध्ये नसतो. मग आधी डिस्क साटा या विंडोजला ओळखीच्या जोडणीवर ठेवून मशीन सुरू करायचं, एक गिगाबाइटची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडायची, ड्रायव्हर बसवायचा, मशीन बंद करून मूळ डिस्क हलवायची. नेटवर्क कार्डही नवं दिसतं, स्थिर आयपी जुन्याला चिकटून राहतो. तो आधीच लिहून ठेवा.

एका मशीनला अर्धा तास धरला, तरी 120 मशीनचे 60 तास होतात, तेही रात्रीचे. आणि शेवटचं मशीन हलेपर्यंत जुनं सबस्क्रिप्शन चालूच ठेवावं लागतं.