शिक्षकाचा मोबाईल कुणासाठी?

अध्यक्षमहाराज, बेळगाव-खानापूर भागातून आलेल्या बाई आणि गुरुजींनो, नमस्कार.

पत्रिकेत ‘शिक्षकांची डिजिटल कौशल्ये’ असा विषय छापलाय. आधी एक सांगा, आज सकाळी ‘शुभ सकाळ’चं चित्र कुणी कुणी पाठवलं? करा हात वर. बघा, निवृत्त गुरुजींचे हात सगळ्यांत आधी! मग आमच्या शिक्षकांना तंत्रज्ञान जमत नाही असं कोण म्हणतं? एसएटीएस या सरकारी पोर्टलवरच्या मुलांच्या नोंदी, यू-डायससाठी शाळेची माहिती, मध्यान्ह आहाराचा हिशेब, सगळं तुम्हीच भरता. दिवसा सर्व्हर चालला नाही तर रात्री जेवणं उरकून भरता. माझी तक्रार इथंच आहे. शिक्षकाच्या मोबाईलमधून सगळं वर जातं, वर्गाच्या वाट्याला काही येत नाही.

एका प्रशिक्षणाला मी होतो. स्मार्ट बोर्ड आला होता. बोर्ड चालू कसा करायचा, पेनचा रंग कसा बदलायचा, यात सकाळ गेली. जेवणानंतर जांबोटीकडच्या एक बाई उठल्या. म्हणाल्या, “सर, माझा नलीकलीचा वर्ग. पहिली ते तिसरी एकत्र. दुसरीला बोर्डावर वजाबाकी दाखवली तर बाकीच्यांच्या हाती काय देऊ?” अख्ख्या दिवसातला खरा प्रश्न तेवढाच. उत्तर आलं, “ते आजच्या विषयात नाही.” आणि लगेच हजेरीची लिंक आली, फोटोसकट भरायची.

त्या बाईंनी उत्तर स्वतःच शोधलं. मी त्यांच्या शाळेत गेलो तेव्हा तिसरीतली चार पोरं व्हरांड्यात बाईंचा मोबाईल घेऊन बसली होती. एकानं धडा वाचायचा, रेकॉर्ड करायचा, मग सगळ्यांनी ऐकायचं. आत बाई पहिलीला शिकवत होत्या. एक पोरगा स्वतःचं वाचन ऐकून म्हणाला, “थांबलोच न्हाई की मी कुठं!” आणि कुणी न सांगता परत वाचायला लागला. तिथं रेंज नाही, बोर्ड नाही. आता याला डिजिटल कौशल्य म्हणायचं नाही तर कशाला?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मुद्द्याचं भरभर सांगतो.

फ्रेड डेव्हिस या संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवलं की माणूस नवं साधन वापरतो ते सोपं आहे म्हणून कमी, उपयोगाचं वाटतं म्हणून जास्त. आमची प्रशिक्षणं मात्र सोपं करून सांगण्यातच संपतात. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या शिक्षण-संशोधकांनी २००६ मध्ये शिक्षकाला विषय, अध्यापन आणि तंत्रज्ञान या तिन्हींचं ज्ञान एकत्र लागतं असं मांडलं. जांबोटीकडच्या बाईंचा प्रश्न नेमका तिथलाच होता.

दुसरं, आपल्या सीमाभागाचं. २०१७ साली दीक्षा हे ऑनलाइन धड्यांचं सरकारी व्यासपीठ सुरू झालं, पुस्तकांवर क्यूआर कोड आले. पण आपली पुस्तकं कर्नाटकाची, आणि यूट्यूबवर मराठीत शोधलं की बहुतेक महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाचे धडे निघतात. क्रम जुळत नाही, परीक्षेला पोरं गोंधळतात. म्हणून आपल्या मराठी शाळांच्या शिक्षकाला नुसतं बटण दाबता येऊन भागणार नाही, धडा रेकॉर्ड करता आला पाहिजे, कापता-जोडता आला पाहिजे.

तेव्हा सीआरपी साहेब, आमच्या समूहातल्या शाळांचं मार्गदर्शन तुमच्याकडे आणि तुम्ही समोर आहात म्हणून मागतो. पुढच्या समूह बैठकीत माहिती भरण्याचा विषय अर्धा तास बाजूला ठेवा. त्या वेळात एका शिक्षकानं आपल्या मोबाईलवर केलेला एक धडा दाखवावा, बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. पहिला मान त्या बाईंना द्या.