‘तमस’ कानांनी पाहताना

(काळा पडदा. शीर्षकसंगीताचे पहिले काही सेकंद, मग निवेदन.)

जानेवारी १९८८. बहुतेक घरांत एकच वाहिनी, दूरदर्शन. रविवारी सकाळी ‘रामायण’ लागतं आणि रवींद्र जैन यांच्या चाली खिडक्याखिडक्यांतून रस्त्यावर येतात. त्याच टीव्हीवर शनिवारी रात्री ‘तमस’ सुरू होतं, म्हणजे भीष्म साहनींच्या फाळणीवरच्या कादंबरीवरून गोविंद निहलानींनी केलेली मालिका, आणि पहिल्यांदा कानावर येते ती एक हाक. ‘रब्बा’ला, म्हणजे देवाला, घातलेली. घसा फाटेल इतकी वरची. त्या वेळी लहान असलेल्या कुणालाही विचारून बघा: कथा अर्धीमुर्धी आठवत असेल, पण शीर्षक लागलं की आईच्या कुशीत शिरायचो, एवढं नक्की आठवतं.

ही हाक ज्यांनी योजली ते संगीतकार म्हणजे वनराज भाटिया.

(भाटियांची छायाचित्रं. मुंबई, लंडन, पॅरिस.)

१९२७ साली मुंबईत, एका कच्छी व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजीत एम. ए. केलं, पण जीव पियानोत. पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकले आणि तिथून थेट पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे गेले. विसाव्या शतकातल्या कितीतरी मोठ्या संगीतकारांच्या या गुरू. एरन कोपलंड त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि पुढे फिलिप ग्लासही. रचनेतला प्रत्येक सूर तिथे का आहे याचं उत्तर शिष्याला देता आलं पाहिजे, अशी त्यांची शिस्त.

इतकं शिकून माणूस १९५९ मध्ये परत आला आणि काय करू लागला? जाहिराती. साबण, रंग, साड्या. हजारो जिंगल्स त्यांनी केल्या. लिरिलची धून त्यांचीच. पाश्चात्त्य संगीताच्या अभ्यासकाला हे कमीपणाचं वाटावं असं कुणी म्हणेल. मला मात्र ‘तमस’च्या शीर्षकात पॅरिसइतकंच हे जाहिरातींचं कामही ऐकू येतं. दहा-वीस सेकंदांत, बाकी सगळ्या गोंगाटातून वाट काढून, अनोळखी माणसाचा कान धरायचा, ही कला जिंगलवाल्याइतकी कुणाला येणार?

त्यात त्या काळचा टीव्ही आठवा. लाकडी किंवा प्लास्टिकची पेटी आणि तिच्या बाजूला हाताच्या पंजाएवढा स्पीकर. खर्जातले सूर त्यातून जवळजवळ पोचतच नसत. मोठ्या वाद्यवृंदाची सगळी श्रीमंती त्या जाळीत अडकून पडायची. पण मधल्या आणि वरच्या पट्टीतला माणसाचा आवाज त्यातून सरळ घुसायचा. भाटियांनी हा हिशेब मांडून केला असेल किंवा नसेलही. पण त्या पेटीतून आरपार जाणारी एकच गोष्ट होती, आणि शीर्षकाच्या तोंडी त्यांनी नेमकी तीच ठेवली.

(भीष्म साहनी, गोविंद निहलानी यांची छायाचित्रं. भिवंडीचा रस्ता.)

आता थोडं कथेबद्दल. भीष्म साहनी मूळचे रावळपिंडीचे. मार्च १९४७ मधल्या तिथल्या दंगली त्यांनी पाहिल्या होत्या, पण कादंबरी लगेच आली नाही. १९७० मध्ये आपल्या भिवंडीत दंगल झाली. थोरले बंधू बलराज साहनी यांच्याबरोबर ते तिथे गेले, जळून गेलेल्या गल्ल्यांतून फिरले, आणि दबलेली रावळपिंडी वर आली. त्यानंतर ‘तमस’ लिहायला घेतली. १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. भिवंडीचा हा धागा आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, म्हणून इथे थांबून सांगितला.

दिग्दर्शक गोविंद निहलानी यांचा जन्म कराचीचा; फाळणीत घर सोडावं लागलेल्या कुटुंबातले. भाटियांची आणि त्यांची गाठ जुनी. १९७४ च्या ‘अंकुर’मध्ये श्याम बेनेगल दिग्दर्शक, कॅमेऱ्यामागे निहलानी आणि संगीताला भाटिया. पुढे ‘मंथन’, ‘भूमिका’ अशा चित्रपटांत ही मंडळी एकत्र होतीच. ‘भूमिका’ हंसा वाडकर यांच्या आत्मकथेवर बेतलेला. त्यात भाटियांनी जुन्या बोलपटांच्या धाटणीची गाणी अशी हुबेहूब बांधली की ती त्याच काळातली वाटावीत. म्हणजे चाल बांधता येत नव्हती म्हणून ‘तमस’मध्ये चाली टाळल्या, असं म्हणायला जागा नाही.

(‘तमस’मधली दृश्यं. निवेदन दृश्यांच्या मधल्या जागांत.)

‘तमस’ जवळजवळ पाच तासांचं आहे. एवढ्या लांबीत दुसऱ्या कुणी व्हायोलिनचे पाट वाहवले असते. इथे सुरुवातीलाच नत्थूच्या झोपडीतला तो लांबलचक प्रसंग बघा. ओम पुरींचा नत्थू एका डुकराला मारायचा प्रयत्न करतोय. जनावराची गुरगुर, पायांची धडपड, धापा टाकणारा श्वास. हे मेलेलं डुक्कर पुढे मशिदीच्या पायरीवर सापडणार आहे, हे त्याला माहीत नाही. प्रेक्षकाला वाईट वाटावं म्हणून संगीत पुढे सरसावत नाही. वाईट वाटण्यापेक्षा किळस आणि भीती आधी यावी, हेच तिथे योग्य आहे.

मग शहर पेटतं. आणि माझ्या मते ‘तमस’चं खरं पार्श्वसंगीत इथून सुरू होतं: घोषणा. ‘अल्ला हू अकबर’, ‘हर हर महादेव’, ‘जो बोले सो निहाल, सत श्री अकाल’. रात्रीच्या अंधारात, दुरून, एकावर एक चढत येणाऱ्या. माणसं दिसत नाहीत, अंतर कळत नाही, फक्त आवाज जवळ येतोय एवढं कळतं. दंगल अनुभवलेली माणसं नेमकं हेच सांगतात. त्यांच्या आठवणीत ज्वाळांच्या आधी आवाज असतो. तिन्ही घोषणांत देवाचं नाव आहे, आणि शीर्षकातल्या हाकेतही देवाचंच. एकीकडे जमावाने मारण्यासाठी घेतलेलं आणि दुसरीकडे एकट्या माणसाने जीव तुटताना घेतलेलं. ही जोडी डोक्यात ठेवून शीर्षक पुन्हा ऐका. ती किंकाळी सजावट म्हणून आलेली नाही, पुढच्या पाच तासांचा प्रतिवाद म्हणून आलेली आहे.

गुरुद्वाऱ्यातल्या प्रसंगावर जरा रेंगाळतो. बाहेर वेढा, आत प्रार्थना, आणि मग जीव द्यायला विहिरीकडे चालत निघालेल्या बायका. पुढे उत्तरा बावकर. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातल्या थोहा खालसा गावात हे खरोखर घडलं होतं. असा प्रसंग हाती आला की संगीतकाराला दोन मोह होतात, एक करुणेचा आणि दुसरा शौर्याचा. शौर्याचा जास्त धोक्याचा, कारण त्यामुळे मरण सुंदर दिसू लागतं. बावकरांचा चेहरा आणि बायकांची ती चाल यांनाच इथे जागा मिळाली आहे.

(वर्तमानपत्रांची कात्रणं. मुंबई उच्च न्यायालय.)

प्रक्षेपणावर वाद झालाच. मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली. न्यायमूर्ती बख्तावर लेन्टिन, तेच ते जे. जे. रुग्णालयाच्या चौकशीवाले, आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी सगळं काम बसून पाहिलं आणि प्रक्षेपणाला वाट मोकळी करून दिली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं.

पुढे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘तमस’ला राष्ट्रीय एकात्मतेचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला, सुरेखा सीकरी सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री ठरल्या, आणि सर्वोत्कृष्ट संगीताचा पुरस्कार वनराज भाटियांना मिळाला. टीव्हीसाठी केलेल्या, प्रेमगीत नसलेल्या, रेडिओवर फर्माईश करावी असं काहीही नसलेल्या कामाला संगीताचा सर्वोच्च मान! परीक्षकांचे कान जागेवर होते म्हणायचे.

(‘भारत एक खोज’चं शीर्षक.)

त्याच वर्षाअखेर भाटिया पुन्हा दूरदर्शनवर आले, ‘भारत एक खोज’ घेऊन. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त, वसंत देव यांचं हिंदी रूपांतर आणि समूहस्वर. ते लोकांना पाठ झालं; आजही गायलं जातं, मोबाइलच्या रिंगटोनवर ऐकू येतं. ‘तमस’चं शीर्षक कुणी गुणगुणत नाही, कुणी गुणगुणूही शकणार नाही. दोन्हींतून एकच निवडायचं झालं तर मी ‘तमस’ निवडेन. सूक्ताला हजारो वर्षांचे शब्द हाताशी होते. इथे भाटियांकडे एकच शब्द होता.