आवाज शाबूत, वायर गेली

[दृश्य: बडोदे, दांडिया बाजार. जुन्या घरातल्या लाकडी कपाटाचा खालचा खण उघडतो.]

आमच्या घरी टीव्हीखालच्या कपाटात एक खण आहे. त्यात जुने चार्जर, रिमोटचे सेल, लग्नपत्रिकांवरून सोडवून ठेवलेले गणपती आणि इअरफोन. परवा मी इअरफोन मोजले. अकरा निघाले, सात वायरवाले आणि चार बिनवायरीचे. सगळे ‘गेलेले’. तरी फेकायला कुणाचाच हात होत नाही, कारण पुरता गेलेला एकही वाटत नाही. एकाची डावी बाजू वाजते. एक पिनेपाशी दाबून धरला की वाजतो. एकाच्या चार्जिंगच्या डबीचा दिवा अजून लागतो.

या अकरांना नेमकं काय झालं, ते मला बघायचं होतं. आणि नवा घ्यायचा तर कोणता टिकेल, तेही.

[दृश्य: सुरसागर. पाण्यापलीकडे म्युझिक कॉलेजची इमारत.]

आमची आत्या गाणं शिकवते. ती शिकली इथेच, म्युझिक कॉलेजात. १८८६ साली सयाजीराव महाराजांनी गायक मौलाबक्षांच्या हाती जी गायनशाळा दिली, तीच पुढे वाढत वाढत विद्यापीठाचा विभाग झाली. आत्याकडे एकच इअरफोन आहे आणि तो नऊ वर्षं चालतोय. वायरवाला, साधा. रोज सकाळी चहाच्या आधी ती तो कानात घालते आणि फैयाज खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेली रेकॉर्डिंग ऐकते. खाँसाहेब बडोदे दरबारचे गवई. १९५०मध्ये ते इथेच गेले. त्या तबकड्यांत खरखर फार, आवाजाचा पल्ला कमी. पण आत्या म्हणते, ‘‘अगं, मींड कुठून सुटते नि कुठे टेकते, ते स्पीकरवर नाही कळत. कानातच घ्यावं लागतं.’’ मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं.

मला राहून राहून वाटतं, नव्वद वर्षांपूर्वीची तबकडी आजही वाजते, आणि ती ऐकायला आणलेलं यंत्र दोन दिवाळ्या बघत नाही, हे बरोबर नाही.

[दृश्य: मरीमातानो खांचो. अरुंद गल्ली, दोन्ही अंगांना मोबाइलची दुकानं, कव्हरांच्या माळा.]

बडोद्यात मोबाइलचं काही बिघडलं की लोक मरीमाताच्या खांच्यात जातात. गल्लीच्या आतल्या अंगाला एक काका बसतात. त्यांची भाषा अर्धी मराठी, अर्धी गुजराती. टेबलावर पिवळा दिवा, भिंग, सोल्डरिंग आयर्न आणि एक मीटर. मी खणातली सगळी पिशवी त्यांच्यापुढे उपडी केली.

त्यांनी पहिला इअरफोन उचलला आणि आधी बोटांनी वायर चाचपली. पिनेपासून वर, मग जिथे एका वायरीच्या दोन होतात तिथे, मग कानाजवळ. मग पिनेवर मीटरची टोकं टेकवली. पिनेचं अगदी टोक म्हणजे डावा कान, त्यामागचं कडं म्हणजे उजवा. बाजू चालू असेल तर मीटरवर आकडा येतो, बहुतेक १६ ओहमच्या नाहीतर ३२च्या आसपास. वायर तुटली असेल तर काहीच येत नाही. इथे उजवीकडे काही आलं नाही.

मग त्यांनी पिनेपासून दोन बोटांवर वायर कापली. माझ्या पोटात गोळाच आला. आतल्या तारा मोकळ्या करून पुन्हा मीटरची टोकं लावली, आणि काकांनी कानात घालायची ती कळी माझ्या कानाशी धरली. बारीकसं ‘टक्’ वाजलं.

‘‘बेन, स्पीकर तर हेमखेम आहे,’’ काका म्हणाले. ‘‘गळ्यात तुटलीय.’’

हेमखेम म्हणजे शाबूत, आणि गळा म्हणजे पिनेमागची वायरीची मान. त्या दुपारी हे वाक्य मी चार वेळा ऐकलं.

[दृश्य: भिंगाखाली कापलेली वायर. केसाहून बारीक तांब्याच्या तारा, लाल, हिरव्या, सोनेरी.]

ही वायर आतून बघण्यासारखी असते. तांब्याच्या केसाएवढ्या तारा, आणि दोन बाजूंचे आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक तारेवर रंगीत लाखेसारखा लेप. म्हणून घरी सोल्डर करायला बसलेल्यांची फजिती होते. लेप जाळून काढल्याशिवाय तारेला सोल्डर धरतच नाही. काका आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन त्यात तार बुडवून ठेवतात, धुराची रेघ निघते, आणि तार चकचकीत होऊन बाहेर येते.

तार तुटते कशी? पत्र्याचा तुकडा एकाच जागी इकडून तिकडे वाकवत राहिलं की तो तिथे आधी कडक होतो, मग तुटतो. तांब्याचं तेच. फोन खिशात, पिन बाहेर, आणि आपण बसतो, उठतो, स्कूटरवर टांग टाकतो. प्रत्येक वेळी वायर पिनेच्या मानेपाशी, त्याच त्या जागी मोडते. एकेक तार तुटत जाते. शेवटच्या दोन-तीन उरल्या की खरखर सुरू होते आणि आपण पिन फिरवून फिरवून ऐकायला लागतो. हे फिरवणंच उरलेल्या तारांचा जीव घेतं.

आमच्या सातांपैकी चार मानेतच तुटलेले निघाले. पाचवा जिथे वायर दुभंगते तिथे.

सहाव्याला काही झालंच नव्हतं. काकांनी रबरी टोपी काढली आणि दिव्याखाली जाळी दाखवली. कानातल्या मळाने ती लिंपून गेली होती. ‘‘हा बिघडला नाही, बेन. हा मुका झालाय.’’ जाळी खाली करून त्यांनी सुक्या, मऊ ब्रशने हलकेच झाडली. मळ बाहेर पडला आणि आवाज परत आला. हा इअरफोन मी दोन वर्षं मेलेला समजत होते. एका बाजूचा आवाज हळूहळू, आठवड्या-महिन्यांत बारीक होत गेला असेल तर आधी जाळी बघायची. एकदम गेला किंवा येत-जात राहिला तर वायर. सुई मात्र घालायची नाही, जाळीच्या मागेच तो नाजूक पडदा असतो.

सातवा खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेला होता. त्याचा तेवढा स्पीकरच गेला. सातांत एक.

[दृश्य: वायरीचे तुकडे, कडक झालेली, पिवळट.]

मानेत तुटलेल्या चारांपैकी तीनच काकांनी दुरुस्तीला घेतले. चौथ्याची वायर त्यांनी वाकवून दाखवली, ती तशीच वाकलेली राहिली. घाम, अंगाचं तेल आणि ऊन लागून वरचं आवरण कडक पडलेलं. ‘‘आज पिन लावीन, पंधरा दिवसांनी दुसरीकडून तुटेल. तुमचे पैसे कशाला घेऊ?’’

असं सांगणारा माणूस जवळपास असणं, हेही इअरफोनच्या आयुष्यात धरायला हवं.

[दृश्य: चार बिनवायरीच्या डब्या टेबलावर. काका त्या एका बाजूला सरकवतात.]

आता या चार. काकांनी एकच उचलली. तिची उजवी कळी चार्ज होत नव्हती. धातूचे दोन ठिपके घामाने काळे पडलेले. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून त्यांनी ते पुसले, डबीतल्या पिनाही पुसल्या, आणि दिवा लागला. बाकी तिन्हींना त्यांनी हात लावला नाही. बॅटरी उतरलेली, आणि आत जायला वाटच नाही. कवच गोंदाने चिकटवलेलं. उघडायचं म्हणजे फोडायचं.

वायर नाही म्हणजे तुटायलाही काही नाही, असं वाटतं. पण इथे बॅटरी आधी जाते. लिथियमची बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची ताकद कळण्याइतकी उतरते. मोठ्या फोनला हे जाणवायला वेळ लागतो. कानातली बॅटरी शेंगदाण्यापेक्षा लहान. एका चार्जवर पाच तास चालते असं धरू, आणि रोज पाच तास ऐकणारा माणूस घेऊ. रोज एक फेरी झाली. ५०० फेऱ्या म्हणजे दीड वर्षही नाही. त्यात डबी तिला सदा पूर्ण भरलेली ठेवते, आणि भरलेली बॅटरी उन्हात लवकर म्हातारी होते. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर डबी ठेवणाऱ्याने तिच्या आयुष्यातले महिने तिथेच सोडले.

२०१६ साली ॲपलने फोनमधलं इअरफोन लावायचं गोल भोक काढलं आणि त्याच वर्षी बिनवायरीचे एअरपॉड्स आणले. आयफिक्सिट म्हणजे वस्तू उघडून, ती दुरुस्त करणं किती सोपं याला गुण देणारी मंडळी. त्यांनी एअरपॉड्सना दहापैकी शून्य दिला होता. तेव्हापासून जवळजवळ सगळ्यांनी तीच वाट धरली. पण उघडता येईल असं बनवता येतच नाही, हे खरं नाही. फेअरफोन या डच कंपनीने २०२४मध्ये असे इअरबड्स काढले, ज्यांच्या कळ्यांची आणि डबीची, दोन्हींची बॅटरी आपण बदलू शकतो. आणि युरोपीय संघाच्या कायद्याने फेब्रुवारी २०२७पासून लहान उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला काढता येईल अशी ठेवणं कंपन्यांवर, काही अपवाद सोडून, बंधनकारक होतंय. खांच्यातल्या काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, ‘‘चला, म्हणजे आम्हाला काम येईल.’’

[दृश्य: दुकानाचं काउंटर. भाचा खोके बघतोय.]

माझ्या भाच्याला नवा हवा होता. दुकानदार आवाज ऐकवायला निघाला. मी आधी मान बघितली. पिनेच्या मागचं रबर लांब, निमुळतं आणि मऊ हवं, वायरीबरोबर थोडं वाकणारं. आखूड आणि टणक असेल तर वायर त्याच्या कडेवरच मोडते. पिन काटकोनी असली तर फोन खिशात ठेवणाऱ्याला बरी.

पण त्याही आधी विचारायचा प्रश्न एकच: वायर निघते का? स्टेजवर गाणारे-वाजवणारे स्वतःचा आवाज ऐकायला कानात जे मॉनिटर घालतात त्यांची वायर सुटी असते, कारण तीच आधी जाणार हे त्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. एटिमॉटिक कंपनीने १९९१ साली ईआर-४ हा इअरफोन काढला, त्याची वायर सुटी होती आणि मळ अडवणारी गाळणीही बदलता यायची. तेव्हा ती श्रीमंती वस्तू. आज सुट्या वायरीचा इअरफोन हजार-दीड हजारातही मिळतो. मी भाच्याला तोच घ्यायला लावला.

सुटी वायर कळीला जिथे जोडते, त्या जोडाच्याही दोन जाती. पहिली, दोन काड्यांची पिन. दुसरी एमएमसीएक्स, चटकन बसणारी आणि गोल फिरणारी. फिरते म्हणून सोयीची, पण सारखी काढ-घाल केली की सैल पडते. मला काड्यांची बरी वाटते. तिथे माप विचारून घ्यायचं, ०.७५ की ०.७८ मिलिमीटर. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण लहान भोकात जाड काडी ढकलली की कळीच फुटते.

भाच्याच्या फोनला गोल भोक नाही, म्हणून टाइप-सीचा आखूड जोड घेतला. तो जोड खिशातला बराचसा ताण स्वतःवर घेतो. तुटला तर तो तुटेल, इअरफोन वाचेल.

जिमसाठी त्याला बिनवायरीचाच हवा होता, आणि तिथे माझा आग्रह नव्हता. ट्रेडमिलवर वायर हाताला अडकते, हे खरंच. फक्त खोक्यावरचं आयपीएक्स, म्हणजे पाणी किती सोसेल तो आकडा, बघून घेतलं. चार म्हणजे चोहोबाजूंनी उडणारे शिंतोडे सोसेल, सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ही परीक्षा साध्या पाण्याने होते, खाऱ्या घामाने नाही. तेव्हा जिमहून आल्यावर पुसून, सुकवून मगच डबीत. बिलावर दुकानाचा शिक्का मारून घेतला.

[दृश्य: आत्याची खोली. खिडकीतून ऊन.]

आत्याचा इअरफोन नऊ वर्षं कसा चालला, हे मी घरी येऊन नीट पाहिलं. पिन दोनदा बदललीय, त्याच काकांकडे. रबरी टोप्या कितीदा बदलल्या ते तिलाही आठवत नाही. ती वायर धरून कधीच ओढत नाही, पिनेचं जाड अंग धरून काढते. फोनभोवती गच्च गुंडाळत नाही. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर साउंडवाली मुलं केबल गुंडाळतात तसा ती एक वेढा सुलटा, एक उलटा घेते, म्हणजे वायरीला पीळ बसत नाही. आणि मग ती सैल गुंडाळी एका गोल, पत्र्याच्या अत्तराच्या डबीत ठेवते. खिशात नाही, पर्सच्या तळाशी किल्ल्यांबरोबर नाही.

अकरांपैकी सहा परत वाजायला लागले. मानेतले तीन, दुभंगावरचा एक, मुका झालेला एक, आणि पुसून जागी झालेली ती डबी. बॅटरी गेलेल्या तीन डब्या मी कचऱ्याच्या गाडीत टाकल्या नाहीत, लिथियम दाबलं गेलं की पेट घेतं. ई-कचरा घेणाऱ्याची वाट बघत त्या खणातच आहेत.

भाच्याने संध्याकाळी स्वयंपाकघरातून एक रिकामा गोल डबा शोधून काढला, धुतला, आणि नवा इअरफोन त्यात ठेवला. सुलटा-उलटा वेढा त्याला अजून जमत नाही. आत्या शेजारी बसून दाखवते आहे. डब्याला हिंगाचा वास येतो. तो म्हणतो, चालेल.