दुकानात पडून राहणारा माल

श्रोते मित्रहो, नमस्कार.

मे महिना सरत आलाय. मृग जवळ आला की आपल्याकडच्या कृषी केंद्रांसमोर गाड्या रिकाम्या व्हायला लागतात. बियाण्याच्या थैल्या, खत, तणनाशकं, फवारणीची औषधं. बराचसा माल उधारीवर उचललेला, उरलेला बँकेच्या कॅश क्रेडिटमधून. आज मला बोलायचंय ते या मालाबद्दल: कोणता थोडा ठेवावा आणि कोणता भरून ठेवावा. त्यासाठी आधी जरा लांब, अमेरिकेतल्या ॲपल कंपनीत जाऊन येऊ.

१९९७ साली ही कंपनी बुडायच्या बेतात होती. त्या आर्थिक वर्षात तिला शंभर कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला होता आणि वर्षअखेर ४३.७ कोटी डॉलरचा माल पडून होता. कॉम्प्युटरचा माल भाव येईपर्यंत दाबून ठेवता येत नाही. नवा प्रोसेसर आला की जुन्याची किंमत लगेच उतरते. मार्च १९९८ मध्ये मालाची ये-जा सांभाळायला टिम कूक तिथे रुजू झाले. या मालाकडे दूधवाल्याच्या नजरेने बघा, मुदत उलटली की पंचाईत, असं ते सांगत. सप्टेंबर १९९८ ला कंपनीकडचा माल ७.८ कोटी डॉलरवर आला होता. महिनाभराच्या साठ्याऐवजी जेमतेम सहा दिवसांचा.

हे काही नुसती खरेदी आखडून झालं नाही. कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह जॉब्स यांनी आधीच मॉडेलांची गर्दी छाटून मोजकी चार प्रकारची यंत्रं ठेवायचं ठरवलं होतं. कूक यांनी सुटे भाग देणारे मुख्य पुरवठादार शंभरावरून चोवीसवर आणले, त्यातल्या अनेकांना कारखान्याजवळ यायला लावलं, आणि एकोणीस गोदामांपैकी दहा बंद केली. जागा असली की माणूस ती भरतोच, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता आपल्या दुकानातल्या फळीकडे बघा. इमिडाक्लोप्रिड हे एकच कीटकनाशक निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या नावांनी ओळीने मांडलेलं असतं. प्रत्येक कंपनीच्या माणसाने काहीतरी स्कीम दिलेली, म्हणून प्रत्येकाची पेटी घेतलेली. पुढच्या बाटल्या चकचकीत, मागच्या रांगेवर धूळ. ऑगस्टमध्ये पऱ्हाटीवर तुडतुडे दिसले की कास्तकार दिवेलागणीला धावत येतो. पैसे कापूस विकल्यावर देणार, म्हणून तो काही निवडून मागत नाही. अशा वेळी मागच्या रांगेतली बाटली पुसून त्याच्या पिशवीत जाते. मित्रहो, हे मला सहन होत नाही. दुकानदाराच्या चुकलेल्या खरेदीचा भुर्दंड त्या माणसाने का सोसायचा? मुदत संपलेलं औषध विकायला कायद्यानेही मनाई आहे. ते वेगळं काढून, तसं लिहूनच ठेवायचं असतं.

म्हणून औषधांच्या बाबतीत ॲपलचा मार्ग धरा. एका घटकाचे दोन ब्रँड पुरे. नवा माल मागे, जुना पुढे. आणि शेवटच्या दोन पेट्यांवर एक पुठ्ठ्याची चिठ्ठी ठेवा: औषधाचं नाव, किती मागवायचं, कुणाला फोन करायचा. चिठ्ठी हाताला लागली की फोन करायचा, त्याआधी नाही. जपानच्या टोयोटा कंपनीत ताइची ओनो यांनी अशाच कार्डांवर अख्खा मोटारींचा कारखाना चालवून दाखवला. मागच्या टप्प्यावर कार्ड पोचल्याशिवाय पुढचा माल बनतच नसे.

बियाण्याचा हिशोब मात्र अगदी वेगळा आहे, आणि इथेच पुष्कळांची गफलत होते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विद्यापीठ सांगतं. तेवढा पाऊस झाला की सारं गाव दोन-तीन दिवसांत दुकानात येतं. नेमका तेव्हाच नाल्याला पूर असतो, पुलावरून पाणी जात असतं, तालुक्याहून गाडी निघत नाही. त्यात मधेच पावसाने दडी मारली तर दुबार पेरणी. अशा वेळी लागेल तसं मागवू म्हणणारा दुकानदार कास्तकाराचा हंगाम घालवतो. थोडा साठा परवडतो तो रस्ता चालू असेल तोवरच. टोयोटालाही हे २०११ च्या भूकंपाने शिकवलं. त्यानंतर चिपसारख्या अडचणीच्या भागांचा काही महिन्यांचा साठा ठेवायला तिने पुरवठादारांना सांगितलं. २०२१ च्या सुरुवातीला चिप मिळेनात म्हणून इतर मोटार कंपन्यांचे कारखाने थांबत होते, तेव्हा टोयोटा बराच काळ तगून राहिली. थोडक्या साठ्याची ही पद्धत जगाला शिकवणारी हीच कंपनी, हे ध्यानात घ्या.

पण सोयाबीनचं बियाणं पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही. त्याची साल पातळ, उगवण झपाट्याने घटते. तेव्हा भरायचं तर मोजून भरावं लागतं, आणि ते मोजमाप कंपनीच्या माणसाकडे नाही, तुमच्या गावात आहे. कुणी घरचं बियाणं राखलंय, कुणी यंदा सोयाबीन मोडून तूर वाढवतोय, कुणाची शेती ठेक्याने गेली, हे पारावर बसलं तरी कळतं. आत्ताच एक वही करा. नाव, किती एकर, कोणतं वाण, घरचं की विकतचं. उगवण तपासायला घरच्या बियाण्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, असं त्यांना सांगा. सत्तरहून कमी उगवले तर त्या कास्तकाराचं नाव विकतच्या यादीत घ्या. वहीतल्या बेरजेवर दुबार पेरणीसाठी थोडं वरचं धरा.

आणि ते वरचं मागवण्याआधी ठोक व्यापाऱ्याशी परतीची बोली करून घ्या. न फोडलेली थैली किती तारखेपर्यंत परत घेणार, पूर्ण रक्कम मिळणार की कापून, गाडीभाडं कुणाचं, हे बिलावरच लिहून मागा. जून लागल्यावर त्याचा फोन लागणं कठीण होतं, म्हणून हे काम याच आठवड्यात उरका.

नमस्कार.