एक डोळा झाकून बघा

(दाराची चौकट. एक तळहात डाव्या डोळ्यावर येतो.)

ही दाराची चौकट. दोन्ही डोळ्यांनी पाहिली तर सरळ उभी. आता डावा डोळा झाकला, आणि तीच चौकट मध्येच वाकली. पाण्यात बुडवलेल्या काठीसारखी.

बिघाड चौकटीत नाही, उजव्या डोळ्याच्या पडद्यात आहे. कधीपासून, ते सांगणं कठीण. इतके दिवस डावा डोळा त्याचंही काम निभावून नेत होता.

पडद्याच्या मधोमध जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा भाग असतो, मॅक्युला. सुईत दोरा ओवणं, वाचणं, चेहरा ओळखणं, सगळं याच्या जोरावर. उतारवयात त्याच्यामागच्या थरात ड्रुझेन नावाचे पिवळसर कण साचतात. बारीकसारीक कण बहुतेकांना असतात. ते मोठे झाले, वाढत गेले की मॅक्युलाच्या झिजेचा, म्हणजे मॅक्युलर डिजनरेशनचा, धोका वाढतो. ना दुखतं, ना डोळा लाल होतो. ‘मोतीबिंदू असेल’ म्हणत माणूस चष्म्याचा नंबर बदलत राहतो.

दहातल्या आठ-नऊ जणांत ही झीज कोरडी असते, वर्षानुवर्षं सावकाश चालते. ओली मात्र थांबत नाही. पडद्याखाली नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पाणी आणि रक्त झिरपतं, काही आठवड्यांत मधली नजर जाऊ शकते. कोरडीची ओली कुठल्या दिवशी होईल, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही.

(भिंतीवर चौकटींचा कागद.)

म्हणून हा कागद. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क ॲम्स्लर यांच्या नावाने ओळखला जातो. दहा सेंटिमीटरचा चौकोन, आत अर्ध्या सेंटिमीटरची घरं, मधोमध ठिपका. वाचायचा चष्मा लावायचा, हे हमखास विसरलं जातं. कागद डोळ्यांपासून फूटभर अंतरावर धरायचा. एक डोळा झाकायचा, नजर ठिपक्यावरून हलू द्यायची नाही. मग दुसरा डोळा. रेषा वाकडी दिसली किंवा काही घरं पुसल्यासारखी वाटली, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. लगेच पडद्याच्या डॉक्टरांकडे जा. आणि कागद सरळ दिसला तरी पन्नाशीनंतर बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्याच. सुरुवातीचे कण या कागदावर कळत नाहीत.

ओल्या प्रकारावरचं औषध डोळ्यात टोचतात. ऐकूनच अंगावर काटा येतो. प्रत्यक्षात थेंब घालून डोळा बधिर करतात, आणि पांढऱ्या भागातून बारीक सुई आत जाऊन बाहेर येते, काही सेकंदांत. 2006 साली अमेरिकेत रॅनिबिझुमॅब या इंजेक्शनला मंजुरी मिळाली, तोवर गेलेली नजर थोडीफार तरी परत येईल ही आशाच फार कमी होती. सुरुवातीला बहुधा महिन्याला एक, मग अंतर वाढवत नेतात. ‘आता दिसतंय की’ म्हणून मधेच सोडणाऱ्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. दिसतंय ते इंजेक्शनमुळेच.

कोरडी मध्यम टप्प्यावर असेल तर ल्युटीन, झिॲक्झँथिन, जस्त, क आणि ई जीवनसत्त्वांच्या ठरावीक मात्रेच्या गोळ्या तिचा वेग कमी करू शकतात. डोळा निरोगी असेल तर त्या घेऊन काही मिळत नाही. तंबाखू ओढणं मात्र प्रत्येकानेच सोडायला हवं.

(खिडकीपाशी एक आजी. समोर नातू.)

मधली नजर गेली तरी कडेची राहते. या आजी नातवाच्या कानाकडे बघताहेत असं वाटतं ना? तसं बघितलं की त्यांना त्याचा चेहरा दिसतो.