टणत्कार नको

नमस्कार, श्रोतेहो.

महाभारतात अर्जुनानं गांडीवाची प्रत्यंचा नुसती ओढून सोडली, तरी समोरच्या सैन्याच्या उरात धडकी भरायची. ऐकायला छान आहे, पण आपल्या धनुष्यावर हा प्रयोग कधीही करू नका. बाण न लावता दोरी सोडली की बाणाकडे जायची ती सगळी ताकद धनुष्यातच अडकते आणि लिम्ब, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या बाजू, तडकू शकतात. आजचा विषय यालाच लागून आहे. बाण लावून, नीट नेम धरून सोडला, तरी काही लाँगबो, म्हणजे लांब, साधी धनुष्यं, आणि रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेली धनुष्यं, 'टण्ण' करून ओरडतात. तो आवाज कमी कसा करायचा?

बहुतेक जण पहिल्यांदा दोरीवर लोकरीचे गोंडे लावून मोकळे होतात. माझ्या मते ते सगळ्यात शेवटी करायचं काम आहे. ओढलेल्या धनुष्यात साठलेली सगळी ऊर्जा बाण घेऊन जात नाही. मागे उरते ती दोरीला आणि लिम्बना थरथरवते. थोडी हाताला झटका म्हणून जाणवते, थोडी कानाला ऐकू येते. म्हणून आधी बघायचं, की एवढी ऊर्जा मागे राहतेच का.

पहिला संशय बाणावर घ्या. बाण हलका असेल तर तो वेगानं जातो, पण ऊर्जेचा कमी वाटा घेऊन जातो. बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि ते धनुष्याच्या ओढीशी, म्हणजे दोरी ओढायला लागणाऱ्या जोराशी, ताडून बघतात. पारंपरिक धनुष्याला ओढीच्या दर पाउंडामागे ८ ते १० ग्रेन बाण मानवतो. म्हणजे ४५ पाउंडांच्या धनुष्याला ३६० ते ४५० ग्रेनचा बाण. ४५० ग्रेन म्हणजे जेमतेम २९ ग्रॅम. पण त्याच धनुष्यावर आधी ३६० ग्रेनचा बाण सोडा, मग साडेचारशेचा, आणि डोळे मिटून बाजूला उभ्या असलेल्या माणसालाही फरक कळेल.

दुसरी गोष्ट ब्रेस हाइट, आणि इथे जरा थांबू या. दोरी चढवलेल्या धनुष्यात मुठीच्या सगळ्यात खोल भागापासून दोरीपर्यंतचं अंतर म्हणजे ब्रेस हाइट. जुने इंग्रज धनुर्धर मूठ वळून अंगठा ताठ उभा करत आणि तेवढं अंतर ठेवत. लाँगबोला साधारण सहा ते साडेसात इंच चालतं, रिकर्व्हला बहुधा त्याहून थोडं जास्त. बनवणाऱ्यानं दिलेला आकडा असेल तर तो प्रमाण माना. अंतर फार कमी असलं की दोरी जास्त पुढे धावते, मनगटावर बसते आणि आवाजही करते.

वाढवायचं कसं? दोरी उतरवा, एका टोकाचा फास काढा आणि दोरीला आहे त्याच दिशेनं तीन-चार पीळ जास्त द्या. दोरी आखडते, अंतर वाढतं. पुन्हा चढवा, दोन-तीन बाण सोडा, कान द्या. सुतारासारखं एकेक सूत पुढे सरकायचं, एकदम अर्धा इंच नाही. कुठल्या तरी एका मापाला 'टण्ण' जाऊन 'धप्' येतो. ते माप लिहून ठेवा, कारण नवी दोरी सुरुवातीला ताणते आणि अंतर आपोआप घटतं. फार वाढवलं तर बाणाला ढकलण्याचं अंतर कमी होऊन वेग पडतो, म्हणून 'धप्' मिळाला की थांबा.

दोरी कशाची आहे, यावरही बरंच अवलंबून आहे. डॅक्रॉन थोडं ताणतं, झटका पोटात घेतं आणि मऊ बोलतं. फास्ट फ्लाइटसारखे न ताणणारे धागे वेग देतात, पण जुन्या धनुष्याच्या टोकांना त्यांचा मार सोसत नाही. तेव्हा जुनं धनुष्य असेल तर डॅक्रॉनच बरं.

नॉक, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाची दोरीत अडकणारी खाच, तीही तपासा. बाण दोरीला अडकवून सोडून दिला तर लटकत राहावा, आणि दोरीवर बोटानं टिचकी मारली की खाली पडावा. फार घट्ट नॉक सुटताना 'टिक' वाजतो. फार सैल असेल तर ऐन वेळी बाण निसटतो आणि मघाशी सांगितलेला रिकामा प्रहार होतो.

रिकर्व्हची आणखी एक खोड असते. त्याच्या वळलेल्या टोकांशी दोरी लिम्बवर टेकलेली असते. ओढताना ती उचलली जाते आणि परत येताना चापट मारते. जिथून ती उचलली जाते तिथे लिम्बवर मऊ फ्लीसची बारीक पट्टी चिकटवा. एवढ्यानं कधी कधी अर्धा गोंगाट मिटतो.

आता गोंडे, म्हणजे सायलेन्सर. लोकर, रबराचे तंतू, फर, काहीही चालतं. खरी गोम जागेत आहे. दोरी एकाच सुरात थरथरत नाही. ती पूर्ण लांबीत डोलते, दोन भागांत डोलते, तीन-चार भागांतही डोलते. प्रत्येक डोलण्यात काही बिंदू स्थिर राहतात, आणि स्थिर बिंदूवर बांधलेला गोंडा त्या डोलण्याला काहीच करू शकत नाही. म्हणून एक गोंडा वरच्या टोकापासून पाव लांबीवर आणि दुसरा खालच्या टोकापासून एक तृतीयांशावर लावायची रीत आहे. ६० इंचांच्या दोरीला १५ इंच आणि २० इंच. पाव लांबीवरचा गोंडा चार भागांच्या थरथरीला हात लावू शकत नाही, ती तृतीयांशावरचा पकडतो. तीन भागांची थरथर तृतीयांशावरच्याला सापडत नाही, ती पाव लांबीवरचा पकडतो. दोघंही समान अंतरावर बांधले तर एकच चूक दोनदा होते.

बसवताना दोरीचे धागे अर्धे-अर्धे विलग करा, मधून लोकर ओवा, गाठ मारा, मग टोकं कापून पिंजा. गोंडा लहानच ठेवा, कारण दोरीवर वाढलेला प्रत्येक ग्रेन वेग खातो. पाऊस असेल तर लोकर पाणी पिऊन जड होते. तेव्हा रबर बरं.

आणि ऐकायचं काम दुसऱ्यावर सोपवा. दोरी तुमच्या कानाजवळून सुटते, त्यामुळे तुम्हाला ती आहे त्याहून मोठी वाटते. मित्राला बाण सोडण्याच्या रेषेच्या मागे, दहा-पंधरा पावलांवर फोन घेऊन उभं करा आणि प्रत्येक बदलानंतर ध्वनिमुद्रण करा. प्रत्येक वेळी फोन त्याच जागी हवा, बाणही तोच हवा, नाहीतर तुलना कशाची करणार?

नमस्कार.