चित्रकथेवरची सही: कुणाची, आणि जपायची कशी

(दारव्हा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, वाचनालयाची मंडळी, आणि सोयाबीनची सोंगणी सुरू असताना वेळ काढून आलेल्या मायबाप श्रोत्यांनो. मागच्या सतरंजीवर पोरंही बसलेली दिसतात, फार बरं वाटलं. पत्रिकेत माझा विषय 'सही केलेल्या कॉमिक्सचा संग्रह आणि जतन' असा छापला आहे. जतनाकडे येतोच. पण आधी एक गोष्ट बोलू द्या, कारण तिच्यावाचून हे जतन कशासाठी करायचं तेच कळणार नाही. आपण चित्रकथेतला नायक ओळखतो. त्याला काढणारा माणूस आपल्याला माहीतच नसतो.

आपल्या भागात कॉमिक्स आली रेल्वेनं. मूर्तिजापूरच्या फलाटावरच्या स्टॉलवर अंक घ्यायचा आणि शकुंतला रेल्वेत बसायचं. गाडी इतकी निवांत चालायची की कारंजा येईतो अंक वाचून व्हायचा, आणि डब्यातल्या दुसऱ्या पोराशी अदलाबदल करून दारव्ह्यापर्यंत आणखी एक. ज्यांना विकत घेणं परवडत नव्हतं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत भाड्यानं आणायचे. कुणाच्या तरी ओसरीवर दोरी बांधून अंक टांगलेले असत. इंद्रजाल कॉमिक्स 1964 ला सुरू झालं, 1990 ला बंद पडलं. वेताळ आणि मॅन्ड्रेक बाहेरचे, पण 1976 ला आबिद सुरतींचा बहादूर आला आणि आपल्याकडच्या दरोडेखोरांची गोष्ट त्यात दिसू लागली. अनंत पै यांची अमर चित्र कथा 1967 ची. तिच्यातल्या 'कृष्ण' या अंकावर क्रमांक आहे 11, कारण आधीचे दहा परदेशी परीकथांचे होते. तो कृष्ण काढला राम वाईरकरांनी. मुलांच्या 'टिंकल' या नियतकालिकातला सुपंडी, तोही वाईरकरांच्याच हातचा. पुण्याचे प्रताप मुळीक अमर चित्र कथेत होते, आणि 1986 साली आलेल्या नागराज या कॉमिक्सच्या नायकाला रूप दिलं तेही त्यांनीच. आत्ता पाहा, नागराज म्हटल्यावर अर्ध्या सभेनं मान डोलावली. मुळीक म्हटल्यावर एकही मान हलली नाही. माझं दुखणं हेच आहे.

आता हे दुखणं कसं जडलं ते सांगतो. आमच्या गावचा एक मुलगा दिल्लीला नोकरीला होता. तिथल्या पुस्तक मेळ्यात रांगेत उभं राहून त्यानं प्राण यांची सही घेतली, चाचा चौधरीच्या अंकावर. प्राण म्हणजे ज्यांनी 1971 मध्ये 'लोटपोट' मासिकात चाचा चौधरी पहिल्यांदा काढला ते. पोरगं मोठ्या मनाचं. म्हणालं, "सर, माझ्या खोलीत ठेवून काय करू? गावाकडची पोरं पाहतील." मी तो अंक जिल्ह्यातल्या एका वाचनालयात नेऊन दिला. इथल्या नव्हे, घाबरू नका. तिथल्या लिपिकभाऊंनी आनंदानं घेतला, सही पाहून डोळे मोठे केले, चहा मागवला. आणि चहा येईतो शाईची गादी उघडून वाचनालयाचा गोल जांभळा शिक्का नेमका त्या सहीवर उमटवला.

मी म्हटलं, "अहो भाऊ, हे काय केलं?"

ते म्हणाले, "सर, पहिल्या पानावर उजव्या कोपऱ्यात मारावा लागते. तपासणीले आले तं दाखवू काय?"

आता त्यांना बोलून काय उपयोग! माणूस प्रामाणिक, नियमानं चालणारा. कोपऱ्यात शिक्का मारायचा एवढं त्यांना कुणी तरी शिकवलं होतं, कोपऱ्यात आधीच काय आहे ते पाहायला कुणी शिकवलं नव्हतं.  ती शाई स्वस्त कागदात पसरत जाते. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शिक्क्याभोवती पिवळसर कडं आलं आणि सहीतलं 'प्रा' त्यात बुडालं. पण खरा धक्का पुढे होता. दाखल नोंदवही उघडली, लेखकाच्या रकान्यात लिहिलेलं: 'चौधरी, चाचा'. हसा, हसा. मीही तेव्हा हसलो, पण घरी येईपर्यंत हसू मावळलं होतं. ज्या माणसानं चार दशकं हात झिजवून ते पात्र जिवंत ठेवलं, त्याच्या हाताची खूण समोर होती, तरी नाव लिहिलं गेलं त्याच्या बाहुल्याचं. आडनाव आधी, स्वल्पविराम देऊन, अगदी शास्त्रशुद्ध!

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. त्याच्या जोरावर गावोगावी अ, ब, क, ड वर्गाची वाचनालयं उभी राहिली, आणि विदर्भातल्या माझ्यासारख्या कितीतरी पोरांना पुस्तक मिळालं ते त्यामुळे. मला त्या कायद्याचा अभिमान आहे. म्हणूनच मागणं आहे: नोंदवहीत 'चित्रकार' असा एक रकाना पट्टीनं ओढा. त्याला अनुदान लागत नाही. आणि सही केलेला अंक आला तर शिक्का वेगळ्या कागदी पट्टीवर मारून ती पट्टी अंकाच्या पिशवीत ठेवा.

किती वाजले? अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. बरं, जतनाकडे येतो, पण सही खरी कशी ओळखायची हे सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही, कारण लोक छापील सहीला खरी समजून पैसे मोजतात. प्राण यांची सही प्रत्येक गोष्टीत छापलेलीच असते. भिंग घ्या. छापील रंग बहुधा ठिपक्याठिपक्यांचा दिसेल. हातची सही सलग रेघ असते, वळणावर शाई जरा साचलेली, सुटताना बारीक झालेली. पान तिरपं धरून बाजूनं उजेड पाडा: बॉलपेनची असेल तर चर दिसेल आणि मागच्या बाजूला उमटलेला उंचवटा बोटाला लागेल. एवढ्यावरून सही हातची आहे हे कळतं; त्याच माणसाची आहे हे कळत नाही. अमेरिकेत 2000 सालापासून सीजीसी नावाची कंपनी कॉमिक्स तपासून प्लास्टिकच्या कवचात बंद करते, आणि सही आपल्या माणसासमक्ष झाली असेल तरच त्यावर पिवळं लेबल लावते. आपल्याला कवच नको, साक्ष हवी. सही कुणी घेतली, कुठे, कोणत्या तारखेला, सोबत कोण होतं, हे चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून अंकाच्या मागे ठेवा. सही घेतानाचा फोटो असेल तर तोही. ही चिठ्ठी हरवली की दोन पिढ्यांनी तुमच्या नातवाच्या हाती उरतो नुसता गिरगटा.

आता भराभर. कॉमिक्सचा कागद बहुतेक वर्तमानपत्री. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन त्यात राहिलेलं असतं, ते हवेनं आणि उजेडानं पिवळं पडतं, आम्ल तयार होतं, कागद ठिसूळ होतो. उष्णतेनं हे सगळं लवकर होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. म्हणून टिनाच्या छताखाली, माळ्यावर अंक ठेवू नका. घरातली सगळ्यात थंड, आतली, अंधारी खोली निवडा. पण कूलरच्या झोतासमोर नको! हे कुणी सांगत नाही म्हणून ठासून सांगतो. कूलर हवेत पाणी सोडतो, खोली दमट होते, आणि पावसाळ्यात येणारी बुरशी उन्हाळ्यातच येते. स्टेपलच्या पिना गंजतात त्याही ओलीनं.

दिवाळीच्या साफसफाईत पुस्तकं उन्हात घालायची आपली रीत आहे. सही असलेला अंक उन्हात घालू नका. पेनाच्या शाईतला रंग उन्हानं उडतो आणि परत येत नाही. पंख्याखाली सावलीत ठेवा. लॅमिनेशन तर मुळीच नाही, त्यातला डिंक उष्णतेनं कागदात शिरतो, तो पुन्हा काढता येत नाही. चिकटपट्टी नाही, इस्त्री नाही.

पिशवी पॉलिप्रॉपिलीनची घ्या, नव्या शर्टाला असते तशी चुरचुरणारी. रेक्झिनसारखा वास येणारं मऊ प्लास्टिक म्हणजे बहुधा पीव्हीसी, ते शाई ओढून घेतं. पाठीला आम्लरहित बोर्ड द्या. नागपूर-अमरावतीच्या फ्रेमवाल्यांकडे विचारा. खोक्याचा तपकिरी पुठ्ठा नको. अंक उभे ठेवा, दाटीनं नाही, ढिलेही नाही.

कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर. उधई जमिनीतून आणि भिंतीतूनच येते. कडुलिंबाचा वाळका पाला ठेवायचा तर कपाटाच्या तळाशी ठेवा, पानांत नको, डाग पडतात. डांबराच्या गोळ्या अंकांजवळ नकोत. कसर लागलीच तर अंक पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण निवळेपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर पाणी धरेल.

सही घेताना पेन स्वतःचं न्या, पिगमेंट शाईचं. स्पिरिटचा मार्कर पातळ कागदातून आरपार जातो. मुखपृष्ठ गुळगुळीत असेल तर सही वाळेपर्यंत अंक मिटू नका. आणि रांगेत असताना लेखकाशेजारी चित्रकार बसला असेल तर त्याच्याकडे आधी जा; तिथे गर्दी कमी असते, आणि तो तुमच्याशी बोलतो.

शेवटची एस.टी. माझ्यासाठी थांबणार नाही. ज्यांनी घरून अंक आणलेत त्यांनी टेबलाकडे या, मात्र हात धुऊन, कोरडे पुसून. चहा नंतर घेऊ.